आधी विचारा: वार एक की दोन?

बंगळूरच्या बनशंकरी अम्माच्या देवळात मंगळवारी आणि शुक्रवारी राहुकाळात बायकांची गर्दी होते. लिंबू कापून, पिळून, साल उलटी करून तिची वाटी बनवायची, त्यात तूप आणि वात घालून देवीपुढे दिवा लावायचा, असा इथला रिवाज. कनकपुरा रस्त्यावरचं हे देऊळ १९१५ सालचं. देवीचं मूळ ठाणं बागलकोट जिल्ह्यात, बदामीजवळ. तिथली बनशंकरी म्हणजेच शाकंभरी, आणि ती महाराष्ट्रातल्याही कितीतरी घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे नोकरीपायी बंगळूरच्या बनशंकरी भागात स्थिरावलेल्या मराठी घरात सून गरोदर राहिली, की सांगली-सोलापूरकडून पहिला फोन येतो तो देवीची ओटी भरून येण्यासाठी. पुढे सोनोग्राफीत दोन ठोके दिसले, की दुसरा फोन येतो आणि त्यात तीन सल्ले असतात. आता तू तीन जिवांची, तेव्हा पोटभर नाही, त्याहून जास्त खा. पलंगावरून उतरू नकोस. आणि तिसरा महिना सरेपर्यंत कुणाकडे वाच्यता करू नकोस.

देवीच्या ओटीला कुणाची हरकत असायचं कारण नाही. या तीन सल्ल्यांना मात्र ठाम हरकत घ्यायला हवी. ते मायेपोटी दिले जातात, म्हणून खोडून काढायला अवघड जातात. पण जुळ्यांच्या गरोदरपणातले पहिले बारा-चौदा आठवडे हा हाताशी असलेला सगळ्यांत मोलाचा काळ असतो, आणि हे तिन्ही सल्ले मिळून नेमका तोच काळ वाया घालवतात.

आधी खाण्याचं बघू. बाराव्या आठवड्याच्या अखेरीस गर्भ डोक्यापासून ढुंगणापर्यंत जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा असतो आणि त्याचं वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास भरतं. दोन्ही बाळांचं मिळून वजन देवळात कापल्या जाणाऱ्या एका लिंबाहून कमी. त्यांच्यासाठी आईने तिसऱ्या आठवड्यापासून दुप्पट जेवायला हवं, या म्हणण्याला हिशेबाचा आधारच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने गरोदर बाईसाठी जादा धरलेली ऊर्जा दिवसाला सुमारे ३५० किलोकॅलरी आहे, म्हणजे एक-दोन भाकऱ्या आणि वाटीभर वरण. तीही दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत. जुळी असतील तर गरज याहून वाढते, हे खरंच. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये बेताच्या वजनाच्या बाईला जुळ्यांच्या पूर्ण गरोदरपणात १७ ते २५ किलो वजनवाढ सुचवली. पण ही सबंध नऊ महिन्यांची गोष्ट आहे, आणि तो आकडा तिथल्या बायकांच्या बांध्यावरून निघाला आहे. पंचेचाळीस किलोच्या सुनेला तो जसाच्या तसा लावून तिच्या ताटात चौथी पोळी वाढणं म्हणजे माया नव्हे, सक्ती होते.

त्यात ती पोळी पोटात राहतेच कुठे? जुळ्यांमध्ये गरोदरपणाचं संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून मळमळ आणि उलट्याही सहसा जास्त होतात. अशा बाईला भरलं ताट दाखवलं की वासानेच उमळून येतं. तिला हवं असतं थोडं-थोडं आणि वेळेवर: सकाळी उठल्या उठल्या कोरडे पोहे किंवा राजगिऱ्याची वडी, मग इडली, मेतकूट-भात, ताक, शहाळ्याचं पाणी. परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी चरकसंहितेतलं शारीरस्थान जरूर उघडावं. त्याच्या आठव्या अध्यायात गर्भिणीची महिन्यागणिक चर्या दिली आहे. पहिल्या महिन्यासाठी तिथे सांगितलं आहे ते साधं, थंड दूध, तेही मापात आणि वेळच्या वेळी, आणि सकाळ-संध्याकाळ अंगाला मानवेल तेवढं जेवण. तुपाने थबथबलेल्या लाडवांचे डबे चरकाच्या नावावर खपवता येणार नाहीत.

उलट्यांवर गोळी घेऊ नको, बाळाला बाधेल, हा याच सल्ल्याचा धाकटा भाऊ. डॉक्सिलामिन आणि ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराची जोडगोळी कित्येक दशकं वापरात आहे. अमेरिकेत व्यंगाच्या आरोपांवरून खटले झाले आणि १९८३ मध्ये कंपनीने ती बाजारातून काढून घेतली. पुढच्या अभ्यासांत व्यंगाशी तिचा संबंध आढळला नाही आणि २०१३ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने तिला पुन्हा परवानगी दिली. डॉक्टरांनी लिहून दिलेली अशी गोळी टाळून, लघवी दिवसाला एकदाच आणि गडद होईपर्यंत सोसत बसण्यात बाळाचं कसलंच भलं नाही. पाण्याचा घोटही टिकत नसेल, वजन घटत असेल, उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, तर सलाइन लावण्याची वेळ आलेली असते. नोकरी करणाऱ्या बाईने हेही लक्षात ठेवावं की मातृत्व लाभाचा कायदा गरोदरपणामुळे आलेल्या आजारासाठी, बाळंतपणाच्या रजेव्यतिरिक्त, महिन्याभरापर्यंतची पगारी रजा देतो. ती मागण्यात कमीपणा नाही.

वर्ज्य पदार्थांची यादी घरोघरी तयार असते, आणि तीही चुकीच्या जागी बोट ठेवते. पिकलेल्या पपईने गर्भ पडतो याला पुरावा नाही. शंका आहे ती कच्च्या पपईच्या चिकाबद्दल, आणि तीही मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली. जुळं केळं खाल्ल्याने जुळी होतात ही तर निव्वळ कल्पना. उलट ज्याकडे कुणी बघत नाही ते न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली कडधान्यं आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळं टाळायला हवीत, कारण त्यांतून येणारे जंतू गरोदर बाईला इतरांपेक्षा जास्त छळतात. आणि बंगळूरात राहणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट: फिल्टर कॉफी. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या आरोग्य संस्था गरोदरपणात दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनची मर्यादा सांगतात. घट्ट डिकॉक्शनचे चार-पाच पेले रिचवणारीने ते एक-दोनवर आणावेत.

आता पलंग. 'बेडरेस्ट' हा शब्द मराठी घरांत इतका रुळला आहे की त्याला पुरावा मागणं पाप वाटतं. पुरावा मात्र शोधून झाला आहे. जुळ्या-तिळ्यांच्या गरोदरपणात सक्तीच्या विश्रांतीवर झालेल्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. सहाशेहून अधिक बायकांची माहिती एकत्र करूनही, रुग्णालयात झोपवून ठेवल्याने वेळेआधीची बाळंतपणं कमी झाल्याचं दिसलं नाही. या चाचण्या गरोदरपणाच्या पुढच्या टप्प्यातल्या होत्या. पण पहिल्या महिन्यांत गर्भपात टळावा म्हणून दिलेल्या विश्रांतीबद्दल कॉक्रेनचाच २००५ चा वेगळा आढावा आहे, आणि तिथेही फायद्याचा पुरावा मिळाला नाही. तोटा मात्र ठाऊक आहे. गरोदरपणात रक्त गोठण्याकडे शरीराचा कल वाढतो, जुळ्यांमध्ये तो आणखी वाढतो, आणि आठवडेच्या आठवडे पडून राहिल्याने पायांच्या शिरांत गुठळी होण्याची भीती त्यावर भर घालते. शिवाय स्नायू ढिले पडतात, बद्धकोष्ठ होतं, मन खचतं.

थकवा आला की झोपावं, दुपारी तासभर आडवं व्हावं, जड उचलू नये, हे सगळं योग्यच. रक्तस्राव झाला आणि डॉक्टरांनी चार दिवस बेताने राहायला सांगितलं तर तेही ऐकावं. पण धडधाकट बाईने सकाळ-संध्याकाळ पार्काला दोन फेऱ्या माराव्यात, घरातली हलकी कामं करावीत, नोकरीवर जावं. तिला खाटेला बांधून ठेवू नये.

या सल्ल्याचा सगळ्यांत क्रूर भाग वेगळाच आहे. सहाव्या-सातव्या आठवड्यात दोन गर्भ दिसलेल्या बायकांपैकी साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्श्यात पुढच्या तपासणीपर्यंत एकच गर्भ उरलेला असतो. दुसऱ्याची वाढ आपोआप थांबून तो विरून जातो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भाच्या गुणसूत्रांतल्या चुकांमुळे होतात, आणि ती चूक गर्भ धरतानाच झालेली असते. पण ज्या घरात 'उतरू नकोस' हा हुकूम सुटलेला असतो, तिथे निकाल तयार असतो: तूच जिना चढलीस, तूच ऑफिसला गेलीस, तूच स्कूटरवर बसलीस. एका बाळाचं दुःख आणि दुसऱ्याची काळजी एकाच वेळी वागवणाऱ्या बाईच्या डोक्यावर हा खोटा आरोप ठेवणं अक्षम्य आहे.

आणि इथे दोष घरच्या वडीलधाऱ्यांचाच नाही. आयव्हीएफनंतरच्या जुळ्यांना 'प्रेशस प्रेग्नन्सी' म्हणण्याची आणि मग भीतीपोटी दर आठवड्याला संप्रेरकांचं इंजेक्शन टोचण्याची पद्धत दवाखान्यांतच रुजली आहे. आयव्हीएफनंतर पहिले काही आठवडे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक देण्याला आधार आहे. परंतु आपोआप राहिलेल्या, कुठलाही त्रास नसलेल्या जुळ्यांसाठी तसा आधार नाही. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीला रक्तस्राव होणाऱ्या सगळ्याच बायकांना प्रोजेस्टेरॉनचा ठळक फायदा झाला नाही. तो दिसला तो आधी गर्भपात झालेल्यांमध्ये. तेव्हा 'हे इंजेक्शन मला नेमकं कशासाठी?' असं विचारणं हा उद्धटपणा नाही.

राहिला तिसरा सल्ला, गप्प राहण्याचा. तिघांत हा सर्वांत घातक आहे.

तो देणारे चोरओटीचा दाखला देतात. तिसऱ्या महिन्यात तिन्हीसांजेला, गाजावाजा न करता भरली जाणारी ती ओटी. पण चोरओटी ही बातमी दडवण्याची रीत नव्हेच. जवळच्या चार बायकांना कळावं, त्यांनी हिच्याकडे लक्ष द्यावं, बाहेरच्यांना मात्र इतक्यात नको, एवढाच तिचा अर्थ. ज्या जाणत्या बायकांना पूर्वी सांगितलं जायचं, त्यांच्या पंक्तीत आज डॉक्टर आणि आशाताई बसतात. त्यांच्यापासूनही लपवायचं असं आजीने कधी सांगितलं नव्हतं.

लपवण्याची किंमत काय, ते दिनदर्शिकेवर मोजता येतं. बाळाचा मेंदू आणि कणा जिच्यातून घडतो ती मज्जानलिका गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात, तोवर ते काम उरकलेलं असतं. ते नीट व्हावं म्हणून लागतं फॉलिक ॲसिड. ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने १९९१ मध्ये दाखवून दिलं की आधी असं व्यंग असलेलं मूल झालेल्या बायकांनी हे जीवनसत्त्व गर्भधारणेच्या आधीपासून घेतलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याची शक्यता ७२ टक्क्यांनी घटते. भारत सरकारच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमातही गर्भधारणेच्या तयारीपासून पहिली तिमाही संपेपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगितली आहे. लोहाची गोळी सहसा चौथ्या महिन्यापासून. मधुमेह, फिट्सची औषधं किंवा आधीच्या बाळात व्यंग असेल तर फॉलिकचा डोस बराच जास्त लागतो, आणि तो डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. तिसरा महिना सरल्यावर बातमी फोडून मागितलेली गोळी या एका कामासाठी उशिरा पोहोचते.

या गोळीची कुळकथा आपल्याकडचीच आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती गरोदर बायकांच्या एका जीवघेण्या रक्तक्षयाचा छडा लावायला. गिरण्यांत राबणाऱ्या, पोटाला पुरेसं न मिळणाऱ्या बायकांमध्ये तो जास्त होता. त्यांच्या आहारात काहीतरी कमी आहे हे तिने ताडलं आणि यीस्टचा अर्क देऊन त्यांना बरं करून दाखवलं. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. तो अनोळखी घटक म्हणजे फोलेट. पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं. शाकंभरी ही पालेभाज्यांची देवी. बदामीला तिच्या उत्सवात तऱ्हेतऱ्हेच्या भाज्यांचा नैवेद्य होतो. तिच्या भक्तांनी मेथी, पालक, चाकवत, अंबाडी रोज ताटात घ्यावी, हे तर झालंच. मात्र भाजी उकडून पाणी ओतलं की त्यातलं फोलेट बरंचसं निघून जातं, म्हणून भाजी गोळीची जागा घेऊ शकत नाही. दोन्ही हवं.

गप्प राहण्याचं दुसरं नुकसान कागदावरचं. कर्नाटकात गरोदर बाईची नोंद झाली की तिला तायी कार्ड मिळतं. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई. मराठी कानाला मात्र ताई ऐकू येतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळूरपासून सत्तर किलोमीटरवर, तुमकूर इथे, जुळ्यांच्या कळा देणारी एक गरीब बाई जिल्हा रुग्णालयात गेली. हे कार्ड नाही, आधार नाही, म्हणून तिला दाखल करून घेतलं नाही. ती घरी परतली, घरीच बाळंत झाली, आणि तिच्यासह दोन्ही बाळं गेली. डॉक्टर आणि परिचारिका निलंबित झाल्या. दोष सर्वस्वी दार बंद करणाऱ्यांचा होता. कार्ड नसलेल्या बाईलाही कळा थांबवता येत नाहीत. पण ज्यांच्या हातात नोंद करणं आहे, ज्यांच्या घरापासून बनशंकरीतलं महापालिकेचं रेफरल रुग्णालय किंवा जवळचं सरकारी 'नम्म क्लिनिक' रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यांनी केवळ दृष्ट लागेल म्हणून बारा आठवडे दवडावेत, याचं समर्थन कसं करायचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या दहा गरोदर बायकांपैकी तीन पहिल्या तिमाहीत तपासणीपर्यंत पोहोचतच नाहीत. सगळ्या काही गरिबीमुळे मागे राहत नसतील.

तिसरं नुकसान सर्वांत मोठं, आणि ते फक्त जुळ्यांचं. दोन बाळं आहेत हे कळल्यावर घरात विचारलं जातं, सारखी दिसतील का? महत्त्वाचा प्रश्न तो नाही. महत्त्वाचा प्रश्न आहे, वार, म्हणजे प्लासेंटा, एक की दोन? प्रत्येक बाळाची वार वेगळी असेल तर धोका तुलनेने कमी. दोघांची वार एकच असेल तर तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि अशा दर सात-आठ जोड्यांपैकी साधारण एकीत रक्ताचा प्रवाह एकाकडून दुसऱ्याकडे एकतर्फी वाहू लागतो. एक बाळ सुकत जातं, दुसऱ्याच्या हृदयावर भार येतो, आणि उपचार झाले नाहीत तर बहुधा दोघंही हाती लागत नाहीत. वेळेत सापडलं तर दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीने हा उपचार नुसतं गर्भजल काढण्यापेक्षा सरस असल्याचं दाखवलं. म्हणून एक वार असलेल्या जुळ्यांची सोनोग्राफी सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी करायची असते, दोन वार असतील तर साधारण महिन्याने.

आणि हे ओळखायची खात्रीची वेळ आहे अकरावा ते चौदावा आठवडा. त्या दिवसांत दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे तज्ज्ञाला पाचरीसारखा जाड त्रिकोण दिसतो. ग्रीक लॅम्डा अक्षरासारखा, म्हणून तेच त्याचं नाव. तो दिसला तर वार दोन. पडदा पातळ आणि काटकोनात, इंग्रजी टी अक्षरासारखा टेकलेला असेल तर वार एक. पुढे बाळं वाढतात, दोन वेगळ्या वारही शेजारी चिकटून एकच भासतात, आणि ही खूण पुसट होत जाते. विसाव्या आठवड्यात तपासायला आलेल्या बाईला मग डॉक्टर 'नक्की सांगता येत नाही' म्हणतात, आणि पुढचे सगळे निर्णय अंदाजाने घ्यावे लागतात.

सोनोग्राफीचे किरण बाळाला लागतात, म्हणून ती टाळतो, असं सांगणारे लोक अजून भेटतात. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. दुसरी भीती कायद्याची. प्रत्येक केंद्रात लिंगनिदान गुन्हा असल्याची पाटी असते आणि ती असायलाच हवी. पण तिच्यामुळे कित्येक जोडपी तोंडच उघडत नाहीत, काही विचारलं तर अंगाशी येईल असं त्यांना वाटतं. मुलगा की मुलगी हे विचारायला बंदी आहे. वारेबद्दल विचारायला नाही.

शेवटचा आक्षेप नेहमीचा: आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, आणि तरी जुळी जगलीच की. जगली ती आज आपल्यासमोर आहेत. गेली ती, आणि त्यांच्या आया, साक्ष द्यायला उरल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार १९९० मध्ये भारतात दर लाख जन्मांमागे साडेपाचशेहून अधिक माता दगावत होत्या. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत तो आकडा ९७ वर आला होता. महाराष्ट्रात ३३, कर्नाटकात ६९. ही घट नोंदणी, तपासण्या आणि दवाखान्यातल्या बाळंतपणांनी घडवली आहे. त्या पाहणीत कर्नाटकाचा आकडा महाराष्ट्राच्या दुप्पट होता, हे इथल्या मराठी घरांनी विशेष ध्यानात घ्यावं.

तेव्हा सासूबाईंनी आणि आईंनी पुढचा फोन जरूर करावा, पण प्रश्न बदलून. फॉलिकची गोळी सुरू झाली का? नाव नोंदवलं का, हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब तपासला का? जुळ्यांमध्ये रक्तदाबाचा धोका जास्त, त्यासाठी बाराव्या आठवड्यानंतर ॲस्पिरिनची लहान गोळी लागेल का, हे डॉक्टरांना विचारलं का? रक्त दिसलं, एका बाजूला असह्य दुखलं, ताप आला किंवा भोवळ आली तर रात्री कुठल्या रुग्णालयात जायचं ते ठरवलं का? आणि सूनबाई, बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीचा कागद हातात पडला की आधी त्यावर वार एक की दोन हे लिहिलं आहे का ते बघ. लिहिलं नसेल तर खुर्चीवरून उठण्याआधी विचार, आणि डॉक्टरांकडून ते लिहून घे.